टाकीकडे बघणाऱ्या बायका

तिसरा रोल अर्ध्यावर आला असताना मला वर बोलावलं. अर्ध्या रोलवरून मी उठत नाही हे खालीवर सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून निरोप घेऊन आलेला शिपाईसुद्धा माझ्याकडे न बघता माझ्या पायाखालच्या पेडलकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "घर पेटलंय का कुणाचं?" तो म्हणाला, "मला नका विचारू मावशी, मला फक्त बोलवायला सांगितलंय." मी पेडल सोडलं, कापड थांबलं, जिथवर पाहिलं होतं तिथे किनारीला खडूची रेघ मारली आणि गेले. वर एचआरची मुलगी बसते. पंचविशीची असेल, दिवसभर स्क्रीनसमोर, डोळे कायम लालसर. तिने माझ्यापुढे एक कागद सरकवला. सगळा इंग्रजीत. मला इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश, बोट ठेवून, आणि तिच्यापुढे बोट ठेवायची मला लाज वाटली. तिनेच वाचून दाखवलं. बाकीचं सगळं कानाबाहेरून गेलं, एक तुकडा तेवढा आत आला. ज्युनिअर स्टाफवर मी बॅड इन्फ्लुअन्स आहे. मुलगी वाचताना तिथे जराशी अडखळली, मग पुढचं घाईघाईने संपवलं. मला राग यायला हवा होता. तो आला, पण नंतर. आधी आली ती ओळख. आपलीच हरवलेली छत्री परक्याच्या हातात दिसावी तसं झालं मला. हे वाक्य मी आयुष्यात एकदा स्वतः वापरलं होतं, आणि चांगलं पाठ करून वापरलं होतं.

"सही केली की झालं मावशी, फॉर्मॅलिटी आहे," मुलगी म्हणाली. मी विचारलं, "झालं म्हणजे काय झालं?" मग तिने नीट सांगितलं, ते तिच्या चांगुलपणाला धरून. सही केली तर माझं टेबल माझ्याकडे राहील, फक्त नव्या मुलींना मी काही शिकवायचं नाही, आणि रोल संपल्यावर खिडकीशी जाऊन उभं राहणं बंद, माझंही आणि सगळ्यांचंही. नाही केली तर सोमवारपासून वरच्या मजल्यावर नमुन्यांच्या खोलीत बसायचं. एकटीने. त्या खोलीला खिडकी नाही. मला रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. मी चार वाजेपर्यंतची मुदत मागितली आणि खाली येऊन खडूच्या रेघेपासून पुढे सुरुवात केली.

आम्ही कापड तपासतो. खालून दिवे लावलेली तिरपी दुधी काच असते, तिच्यावरून कापड वरून खाली सरकत येतं, आणि आम्ही सात जणी सात काचांसमोर बसून त्यातला दोष शोधतो. तुटलेला धागा, विरळ पट्टा, गाठ, तेलाचा ठिपका. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर आणि नर्स घालतात ते झगे या कापडाचे होतात, त्यामुळे विरळ पट्टा म्हणजे नुसता विरळ पट्टा नसतो, त्यातून रक्त आत झिरपतं. दोष सापडला की मशीन थांबवायचं, त्या जागी किनारीला लाल दोरा बांधायचा आणि चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीत चार गोष्टी. काय, कुठे, केवढं, कुणी पाहिलं. यातली एक जरी राहिली तरी चिठ्ठी फाडून टाकायची आणि आपला दोरा आपण सोडायचा. दुसरीने बांधलेला दोरा कुणी सोडत नाही. जिने बांधला तिनेच सोडायचा, चूक झाली असेल तर सगळ्यांसमोर, आपल्या हाताने. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. मला तो दुर्बिणीने शिकवला.

दुर्बीण म्हणजे माझ्या आधीच्या मोठ्या बाई. मी लागले तेव्हा त्या साठीच्या आसपास होत्या, आणि त्यांच्या मागे सगळ्या त्यांना दुर्बीण म्हणायच्या, कारण दोन टेबलांपलीकडच्या कापडातली गाठ त्यांना बसल्या जागेवरून दिसायची. मला त्यांनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता, "पांढऱ्यावर पांढरं दिसतं का तुला?" मी तोऱ्यात म्हटलं, दिसतं. त्या म्हणाल्या, "एका रोलभर दिसेल. दुसऱ्या रोलला कापड वाहायला लागेल, आणि तिसऱ्याला तू नुसती उघड्या डोळ्यांनी झोपशील." झालंही तसंच. तिसऱ्या रोलला माझ्या टेबलावरून हातभर लांबीचा विरळ पट्टा निघून गेला आणि मला पत्ता नाही. दुर्बिणीने तो पुढे पकडला. ओरडल्या नाहीत. मला मनगटाला धरून खिडकीशी नेलं आणि लांबवर, छपरांच्या पलीकडे असलेली पाण्याची टाकी दाखवली. "शंभर मोजेपर्यंत तिच्याकडे बघ. मधे डोळे मिटले तर पहिल्यापासून." मला वाटलं म्हातारी चळलीय. पण शंभर मोजून परत आले आणि काचेवर बघितलं, तर धागा न् धागा वेगळा होऊन उभा राहिला. त्या दिवसापासून एक रोल संपला की टाकी, पुन्हा रोल, पुन्हा टाकी. एकतीस वर्षं. दुर्बीण गेल्या, त्यांच्या जागी मी आले, मला मागून काय म्हणतात ते मी विचारत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकीला मी मनगट धरून त्या खिडकीशी नेलंय. वाण नाही पण गुण लागला म्हणतात, तसा दुर्बिणीचा गुण मला लागला आणि माझा या पोरींना. लागू दे. चांगल्या गोष्टी काय पत्र पाठवून लागतात?

गेल्या बुधवारी साहेब बाहेरच्या दोन पाहुण्यांना खाली घेऊन आले. योग असा की सातही जणींचे रोल एकाच सुमाराला संपलेले. म्हणजे आत आल्या आल्या पाहुण्यांना काय दिसलं, तर सात मशिनं बंद आणि सात बायका त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी ओळीने उभ्या, ओठ हलताहेत. आता लांबून बघितलं तर हसूच येईल, मलाही येतं. पाहुण्यांतला एक म्हणाला, हे काय चाललंय? आणि आमची नवी, लागून दोन महिने झालेली, मागे न वळता अभिमानाने म्हणाली, "मावशींनी शिकवलंय." तिला वाटलं ती माझी मान उंचावतेय. साहेबांचा चेहरा पडला तो मी खिडकीच्या काचेत पाहिला, पण मी बहात्तरवर होते, म्हणून वळले नाही. कदाचित वळले असते तर हा कागद आला नसता. पण बहात्तरवर कोण वळतं?

खडूच्या रेघेपुढचा रोल सरकत होता आणि माझं लक्ष कापडावर होतं, खरंच होतं, मी दोन गाठी पकडल्या. पण कापडाच्या मागे दुसरंच काही सरकत होतं. माझी लेक तेरा वर्षांची होती तेव्हा आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर तिच्या वर्गातली एक मुलगी राहायची. सगळे तिला भिंगरी म्हणायचे, मीही. आई नर्स, पाळ्यांवर जाणारी, घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे भिंगरी सदा आमच्याकडे किंवा दोघी गच्चीवर. भिंगरीने काय केलं? एकदा चुकीचा तपासलेला पेपर घेऊन लेकीला बाईंकडे परत पाठवलं, मार्क वाढून मिळाले. जिन्याच्या कठड्यावरून घसरायला शिकवलं. आणि एका रविवारी, मी भाजी घेऊन आले तर लेक आरशासमोर उभी, वेणी कापलेली, मानेपर्यंतचे केस, मागे भिंगरी कात्री घेऊन. दोघी अशा हसत होत्या की मी दारात उभी आहे हे त्यांना कळलंच नाही. माझ्याशी बोलताना लेक तेव्हा हो आणि नाही यापलीकडे जात नव्हती. बंद दाराआडून तिचं हसू ऐकायला यायचं आणि मी बाहेर इस्त्री करत असायचे. मला मत्सर वाटायचा. एका तेरा वर्षांच्या पोरीचा. आज सांगायलाही जीभ अडते, पण दुसरा शब्द नाही त्याला.

पालकसभेला गेले तेव्हा मी वाक्य ठरवून गेले होते. समोरच्या घरातल्या बाई फोनवर कुणाबद्दल तरी म्हणायच्या ते ऐकलेलं. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. शी इज अ बॅड इन्फ्लुअन्स. वर्गबाईंसमोर म्हटलं तेव्हा वाक्य सरळ गेलं. बाईंनी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, आणि संपलं. तेवढंच. एक प्रश्न नाही. मी आपल्या भाषेत म्हटलं असतं, की बाई, तिच्या नादी लागून माझी पोर बिघडली, तर बाईंनी लगेच विचारलं असतं, म्हणजे काय केलं हो तिने? आणि मला सांगावं लागलं असतं, वेणी कापली. मागे बसलेल्या आया हसल्या असत्या, बाई हसल्या असत्या, कदाचित मीही हसले असते, आणि घरी जाऊन लेकीला जवळ घेतलं असतं. पण मी जे वाक्य नेलं होतं त्याला कुणी काही विचारत नाही. ते इस्त्री करूनच येतं. सोमवारी भिंगरीची तुकडी बदलली. लेक माझ्याशी महिनाभर बोलली नाही, आणि नंतर बोलायला लागली ती हो आणि नाही. भिंगरी जिन्यात भेटली तर आधी "काकू!" म्हणून ओरडायची, ती भिंतीकडे बघत खाली उतरायला लागली. पुढच्या वर्षी त्यांनी घर सोडलं.

दोष काय, लिहिला नव्हता. कुठे, नाही. केवढा, नाही. कुणी पाहिला? कुणीच नाही. आणि मी, जी पोरींच्या अर्धवट चिठ्ठ्या त्यांच्या तोंडावर फाडते, मी तो दोरा बांधून सतरा वर्षं घरी बसले होते.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता लेकीला फोन लावला. "आई, या वेळेला? बरी आहेस ना?"

"बरी आहे. भिंगरीचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे. पण तुला कशाला?"

"दोरा सोडायचाय." माझ्या घरात वाढलेली मुलगी, तिला याहून जास्त सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "सतरा वर्षांनी, आई?" मी म्हटलं, "गाठ जुनी झाली म्हणून काय कापडात राहू द्यायची?" मग मी तिला सकाळच्या कागदाचं सांगितलं. ती हसली. वाईट वाटावं असंच हसली, पण मला ते मोकळं वाटलं, कारण हो आणि नाही यांच्या बाहेरचं होतं. "मग आता कळलं ना कसं वाटतं ते," म्हणाली, आणि नंबर पाठवला.

भिंगरीने उचलला तेव्हा मागे हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, मी अमकीची आई. ती म्हणाली, "एक मिनिट हं काकू, गाडी बाजूला घ्यायला लावते," आणि कुणाला तरी, "घाबरू नका, आरशात बघा, मग वळा." ती गाडी चालवायला शिकवते. मला का कोण जाणे फार बरं वाटलं. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही, डबा खायची पंचवीस मिनिटं असतात. मी म्हटलं, "तुझी तुकडी बदलली ती माझ्यामुळे. मी बाईंना तुझ्याबद्दल सांगितलं होतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच."

"तुम्ही सांगितलं ते माहीत होतं काकू. काय सांगितलं ते कळलं नव्हतं. आईने शाळेत विचारलं तर बाई म्हणाल्या, विशेष असं काही नाही, एकंदरीत. मग मी वर्षभर आठवत बसायचे, की एकंदरीत म्हणजे आपण नक्की काय केलं असेल."

मग तीच म्हणाली, "वेणीचं वाईट वाटलं होतं का तुम्हाला?"

"हो. ती रोज मी घालायचे. दिवसातली तेवढी दहाच मिनिटं ती माझ्याजवळ बसायची."

"मग तेवढंच सांगायचं ना हो काकू," ती म्हणाली. रागावून नाही, पण माफ केलंय असंही नाही. "बघू. ठेवते आता, यांचा पाय क्लचवर लटपटतोय." आणि ठेवला. मी बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण डोळे पुसून आरशात बघितलं तेव्हा मला चार वाजताचं सगळं स्वच्छ दिसत होतं. माझा दोरा मी सोडला होता. आता दुसऱ्यांनी त्यांचा सोडावा.

चारला वर गेले तर साहेबही येऊन बसलेले. मुलीने पेन पुढे केलं. मी पेन घेतलं, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या. काय. कुठे. केवढं. कुणी पाहिलं. प्रत्येकीपुढे जागा सोडली आणि कागद साहेबांकडे सरकवला. "एवढं भरून द्या, मग सही करते."

साहेब म्हणाले, "मावशी, शब्दांत नका शिरू. सगळ्या तुमच्या तालावर नाचतात, एवढाच अर्थ आहे त्याचा."

"मग तसं लिहा ना. रोल संपला की ही बाई सगळ्यांना शंभर आकडे मोजून पाण्याच्या टाकीकडे बघायला लावते. हे लिहा, खाली तुमची सही करा, मी आनंदाने माझी करते. खरं आहे ते."

"असं कसं लिहिणार? हसतील लोक."

"त्यासाठीच तुम्ही हे दुसरं लिहिलंय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. "मला माहितीये हे वाक्य कशासाठी असतं. मी वापरलंय. एका लहान पोरीवर वापरलंय. त्यात काय केलं ते सांगावं लागत नाही, म्हणून सोयीचं असतं. साहेब, डोळे थकले की पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. खिडकी बंद करा, आठ दिवसांत विरळ पट्टे निघून जायला लागतील, आणि तो झगा घालून कुणाची तरी लेक कुणाच्या तरी रक्तात हात घालेल. त्यावर कुणाची सही असेल? माझी नाही."

साहेबांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. वाईट माणूस नाही तो. पाहुण्यांसमोर तोंडघशी पडलेला माणूस आहे, आणि तो वाईटाहून जास्त त्रास देतो. "मग सोमवारपासून वर," ते म्हणाले.

"वर तर वर." माझ्या ॲप्रनच्या खिशात कायम लाल दोरा असतो. मी कागदाच्या कोपऱ्यातल्या भोकातून तो ओवला, दोन गाठी मारल्या आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. "दोष दुरुस्त करून आणा. मी बांधलाय, मीच सोडीन."

सोमवारी नमुन्यांच्या खोलीत गेले. वर चढताना जिन्यातून खालचं सगळं दिसतं. खिडकीशी जायचं नाही, असा कागद भिंतीवर लागला होता. मी पाहिलं, नवीचा रोल संपला. ती जागेवरून उठली नाही. तिने बसल्या बसल्या मान वळवली, तिच्या टेबलावरून टाकीचा जेमतेम कठडा दिसत असेल, आणि तिचे ओठ हलायला लागले. मग तिच्या शेजारणीने मान वळवली. मी तिथे थांबले नाही, नाहीतर तेही माझ्याच खात्यावर पडलं असतं.

नमुन्यांची खोली म्हणजे एक काच, एक स्टूल, चार भिंती. बिघडवायला माणूस नाही. मी पहिला रोल लावला, तपासला, दोन दोरे बांधले, चिठ्ठ्या लिहिल्या. रोल संपला. मी उठले. खोलीला खिडकी नव्हती, पण खोलीबाहेर होती, एचआरच्या मुलीच्या टेबलाच्या अगदी मागे, मोठी, आणि तिच्याबद्दल कागदात काही लिहिलं नव्हतं. मी जाऊन उभी राहिले. इथून टाकी पूर्ण दिसत होती, खालून कधीच न दिसलेली तिची शिडीसुद्धा, आणि तळाशी गळतीचा हिरवा ओघळ. एकतीस वर्षं मी तिला छातीपासून वरच पाहिलं होतं. अडुसष्टवर असताना मागून खुर्ची करकरली. मी वळले नाही. शंभर झाल्यावर बघितलं तर मुलगी चष्मा काढून डोळे चोळत होती.

"मावशी, खरंच फरक पडतो का हो?" तिने हळू आवाजात विचारलं. "मला चारनंतर अक्षरं दोन-दोन दिसतात."

मी म्हटलं, "उठू नकोस. बिघडशील."

ती उठली. तेवीसवर तिने डोळे मिटले, म्हणून मी तिला पुन्हा एकपासून मोजायला लावलं.